वरातीत उडालेला फ्यूज

आमच्या लिपोवात्स गावात विदोसावा म्हटलं तर कुणाला चटकन लक्षात येणार नाही. विदा म्हणा आणि बल्ब फिरवल्यासारखा हात करून दाखवा, मग कुणीही तुम्हाला तिच्या गॅरेजच्या दारापर्यंत आणून सोडेल.

विदा माझी शेजारीण. एकोणीस वर्षं ती शहरातल्या रेडिओच्या कारखान्यात वायरी डाख देऊन जोडायच्या कामावर होती. कारखाना बंद पडला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि पुढच्याच वर्षी तिचा नवरा स्टामेन छातीत कळ येऊन गेला. तो ट्रक चालवायचा. मागे काय उरलं, तर एक रिकामं गॅरेज आणि तिची डाख द्यायची कांडी. एक दिवस आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे दिवे गेले म्हणून मी तिला सहज हाक मारली. तासाभरात दिवे लागले. मग आमच्या दिरांची गाडी आली, मग पाववाल्याची व्हॅन, मग पलीकडच्या गावातून लोक यायला लागले.

सुरुवातीला परकी माणसं यायची, तिच्या खांद्यावरून आत डोकावायची आणि विचारायची, "मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभे आहेत," विदा म्हणायची. "किल्ली द्या आणि बाजूला व्हा, उजेड अडतोय."

पंधरा वर्षं हे असं चाललं. काम चोख, बोलणं तिखट. पण हसताना मी तिला फारसं पाहिलं नव्हतं. हसू आलंच तर ती चिंधीनं हात पुसायच्या निमित्तानं मान वळवायची.

मग ग्वोझ्देन मास्तर आले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सहासष्ट वर्षांचे, आलुबुखारांच्या बागेचे आणि एका पिवळ्या गाडीचे मालक. गाडी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, आकारानं पेटीएवढी. इंजिन मागे, डिकी पुढे. मास्तर तिला भुंगा म्हणायचे, आणि तिचा आवाज ऐकलात तर तुम्हीही तेच म्हणाल. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून मागचं झाकण काठी लावून थोडं उघडं ठेवायची आमच्याकडची जुनी पद्धत. भुंग्याचं झाकणही एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तसंच आ वासलेलं असायचं.

मास्तरांना गाडी दुरुस्त करायची भारी हौस आणि हाताला यश अजिबात नाही. डावा इंडिकेटर नीट करायला जायचे आणि वायपर बंद पाडायचे. मग ओशाळून विदाच्या दारात उभे.

"काय केलंत?" विदा विचारायची.

"फारसं काही नाही. एक तांबडी वायर होती, ती मला एकटी वाटली. म्हणून दुसरीला जोडून दिली."

एका वर्षात ते अकरा वेळा आले. लोक म्हणायला लागले की मास्तर मुद्दाम बिघाड करतात. विदा ठामपणे सांगायची, "मुद्दाम इतकं वाईट काम कुणालाच जमणार नाही."

मार्च महिन्यात एकदा ती डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी पडली होती, पाय दाराबाहेर. मास्तर टॉर्च धरून उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "विदा, मला वाटतं, या गाडीत खरं तर काही बिघाड नाही."

"आहे ना. तुम्ही चालवता, हाच."

"मग यापुढे तू चालव. गाडीही चालव आणि मलाही सांभाळ."

आतून खाडकन आवाज आला. विदाचं डोकं स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटलं होतं. मग ती आतूनच म्हणाली, "टॉर्च नीट धरा हो. उजेड भलतीकडेच पडतोय! आणि हो म्हणायला मला आधी बाहेर तरी येऊ द्या."

त्या संध्याकाळी ती माझ्या पायरीवर येऊन बसली. कपाळावर टेंगूळ आलेलं. सांगायला सुरुवात करायची, फिस्सकन हसायची, परत सुरुवात करायची.

"रोसा," ती मला म्हणाली, "एकसष्टाव्या वर्षी मला हसू आवरत नाहीये. डॉक्टरला दाखवू का गं?"

लग्न जुलैतल्या एका शनिवारी ठरलं. शहरात नगरपालिकेत साडेबाराच्या आत नोंदणी, मग मास्तरांच्या बागेत जेवण. साक्षीदार म्हणून माझी निवड झाली. आमच्याकडे लग्नाच्या साक्षीदाराला सख्ख्या नात्याहून जास्त मान असतो, तेव्हा मीही नवा झगा शिवून घेतला. सगळी सूत्रं हातात घेतली ती मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, ल्युबिंकाताईंनी. बाई कामसू, पण जीभ धारदार. सकाळी सातलाच त्यांनी भुंग्याला धुतलं, आरशांना भरतकामाचे टॉवेल बांधले, पुढे रोझमेरीच्या जुड्या खोवल्या. मागे गेल्या तर झाकण उघडं.

"हे काय? लग्नाला निघालेली गाडी आणि मागून शर्टाचं टोक बाहेर आल्यासारखं हे ध्यान!" असं म्हणत त्यांनी काठी काढून फेकली, झाकण धाडकन आपटून बंद केलं आणि त्यावर फुलांचं भलंमोठं चक्र बांधलं. मग त्यांची नजर सीटखालच्या हत्यारांच्या पेटीवर गेली. "नवरीच्या गाडीत पाने आणि पकडी? शोभतं का?" पेटी गेली गोठ्यात.

विदानं हे पाहिलं. तिनं मोतिया रंगाचा कोट आणि गुडघ्याखाली येणारा स्कर्ट घातला होता, डोक्यावर जाळीची छोटी टोपी. ती माझ्या कानात म्हणाली, "आज तरी गप्प बसते. उद्यापासून बघू."

अकराला वरात निघाली. पुढे ट्रम्पेटवाल्यांची व्हॅन. मागचं दार उघडं टाकून आत आठ जण कोंबलेले, आणि एक्रेम, त्यांचा म्होरक्या, दारात पाय सोडून वाजवत होता. मग भुंगा. मास्तर चालवत होते, विदा शेजारी, आणि मागे मी, मांडीवर लग्नाचा पाव घेऊन. त्याच्या कणकेच्या नाजूक फुलांना धक्का लागला असता तर ल्युबिंकाताईंनी मला त्याच रस्त्यात पुरलं असतं. आमच्यामागे सात गाड्या, सगळ्यांचे हॉर्न चालू. लोक अंगणांतून हात हलवत होते. एक म्हातारी कुंपणाशी उभी राहून ओरडली, "विदा, माझ्या गाडीचा हॉर्न तेवढा राहिला गं!"

"मंगळवारी ये!" विदा खिडकीतून ओरडली, आणि तिनं मान न वळवता खदखदून हसून घेतलं.

डोंगराच्या बोगद्याजवळ रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी होती. अंगानं भरलेला, मोठ्या मिश्यांचा एक हवालदार पुढे आला आणि त्यानं आम्हाला बाजूला घ्यायची खूण केली. अख्खी वरात थांबली. बँड मात्र थांबला नाही.

"नवरीला शुभेच्छा," तो वाकून म्हणाला, आणि सवयीनं मास्तरांच्या तोंडाचा वास घेतला. "नवऱ्यानं घेतलेली नाही, नवल आहे. पण मागचे दिवे बंद आहेत."

"दिवसाढवळ्या?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, नियम तुम्हाला माहीत आहे. दिवसाही दिवे लागतात. आणि पुढे बोगदा आहे, आतले दिवे गेला महिनाभर दुरुस्तीला काढलेत. मागून एखादा ट्रक आला तर त्याला तुम्ही दिसणार आहात का? मी सोडणार नाही."

मास्तरांनी खिशातून फ्यूजची पुडी काढली. भुंग्याच्या मालकाजवळ ती असतेच. आत तीन होते. एक बसवला, दिव्याचं बटण दाबलं. टिक. फ्यूज उडाला. दुसरा बसवला. टिक.

"तिसऱ्यावर चॉकलेटचा चांदीचा कागद गुंडाळतो," मास्तर म्हणाले. "मग बघ कसा टिकतो."

विदानं त्यांचं मनगट धरलं. "कागद गुंडाळाल तर फ्यूज टिकेल आणि गाडी जळेल. वायर जळू नये म्हणून तो बिचारा स्वतः जळतोय. त्याच्यावर कशाला राग? वीज कुठेतरी पत्र्याला चिकटतेय, ती जागा शोधायला हवी."

तोवर मागच्या गाड्यांतली माणसं गोळा झाली होती. ल्युबिंकाताई धावत आल्या. "विदा, उतर! माझ्या गाडीत बस. हा डबा इथेच राहू दे. पावणेबारा व्हायला आले, साडेबाराला ती नोंदणीवाली बाई कुलूप लावून घरी जाईल!"

सगळ्यांनी तेच म्हटलं. खरं सांगायचं तर मीही म्हटलं. विदा गाडीतून उतरली, स्कर्ट झटकला आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"सोळा वर्षं मी या खोऱ्यातले दिवे लावतेय," ती म्हणाली. "आणि माझ्याच लग्नात, दिवा लागत नाही म्हणून गाडी रस्त्यात टाकून मी दुसरीच्या गाडीनं जाऊ? ताई, मग मला गॅरेजची पाटीच उतरवावी लागेल. अर्धा तास द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल त्या गाडीत बसते."

तिनं टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, कोट मास्तरांच्या हातात दिला आणि बाह्या वर सारल्या. हवालदारानं घड्याळ पाहिलं आणि आपला खिशातला चाकू उघडून तिच्यापुढे धरला. "हत्यार लागेल ना?"

"लागेल. आणि एक इंडिकेटरचा बल्ब हवा. थोडी वायर हवी. एक्रेम, तुझ्या व्हॅनचा इंडिकेटर उघडते."

"अगं मावशी, मग मी वळणार कसा?"

"हात दाखवून वळ. तुझे दात सोन्याचे आहेत, लांबून दिसतील."

एक्रेम स्वतःच्याच दातांवर इतका हसला की त्याच्या ट्रम्पेटमधून भलताच सूर निघाला. त्यानं व्हॅनमधल्या लाउडस्पीकरची जुनी वायर आणून दिली. विदानं तिचे दोन तुकडे कापले, टोकं सोलली, बल्बला गुंडाळली आणि प्रथमोपचाराच्या डब्यातल्या चिकटपट्टीनं घट्ट केली. दुसरी टोकं फ्यूजच्या जागी खोचली. बटण दाबलं तसा तो बल्ब झगझगीत पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत, हे वाईट आहे," विदा म्हणाली. "हा पेटलाय म्हणजे शॉर्ट अजून आहे. हा विझेल तेव्हा टाळ्या वाजवा. मास्तर, तुम्ही इथे बसून याच्याकडे बघा. कुठल्याही वायरला हात लावायचा नाही. विझला की ओरडायचं."

मास्तर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि बल्बकडे असे बघत राहिले की जणू परीक्षेला बसलेत.

विदानं पुढचा लहान दिवा काढला. "काय?"

"पेटलेला!"

मागचा डावा दिवा काढला. "आता?"

"पेटलेला!"

मागचा उजवा, मग नंबरपाटीवरचा. एकेक बल्ब निघाला आणि हवालदाराच्या टोपीत जमा झाला. तो टोपी उलटी धरून तिच्यामागे फिरत होता. चारही दिवे निघाले, तरी मास्तर आतून तेच सांगत होते, "पेटलेला, विदा! अगदी ठणठणीत!"

विदा ओठ चावत उभी राहिली. "म्हणजे दिव्यांत नाही. वायरमध्ये आहे."

"सापडेल ना?" मी विचारलं.

"वायर पुढून मागे जाते, गालिच्याखालून, सीटखालून, इंजिनापर्यंत. सगळं उपसायला दिवस लागेल." तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर तिची टोपी तिरकी बसली होती, कणकेची फुलं झग्याला चिकटली होती. तिला पुन्हा हसू फुटलं. "रोसा, तू नवरीसारखी दिसतेस. तूच जा साडेबाराला!"

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला गवतात बसून पोट धरून हसलो. ल्युबिंकाताई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

हे सगळं चालू असताना बँडवाले थांबले नव्हते. उन्हात उभं राहून त्यांचा ढोलवाला घामाघूम झाला होता. मोठा ढोल गळ्यात पेलवेना, म्हणून त्यानं तो भुंग्याच्या मागच्या झाकणावर, ताईंच्या फुलांच्या चक्रावर टेकवला आणि तसाच वाजवत राहिला. धाड्, धाड्, धाड्.

"विझला!" आतून मास्तर किंचाळले. "पेटला! विझला! पेटला! विदा, हा नाचतोय!"

विदा ताडकन उठली. "ढोल थांबव!"

ढोल थांबला. "पेटलेला," मास्तर म्हणाले.

"वाजव!"

धाड्. "विझला!" धाड्. "पेटला!"

मग काय विचारता! एक्रेमनं जोरात चाल लावली, ढोलवाला झाकणावर ठोके देऊ लागला, आणि मास्तर प्रत्येक ठोक्याला "विझला! पेटला!" असं ओरडू लागले. ते थोड्या वेळानं ताल धरून ओरडायला लागले. लोकांनी हातात हात धरून गाडीभोवती फेर धरला. मी पाव घेऊनच नाचले. हवालदार नाचला नाही, पण टोपीतले बल्ब खुळखुळत होते, कारण त्याचे पाय ऐकत नव्हते.

विदा मात्र गुडघ्यांवर बसून फुलांच्या चक्राच्या दोऱ्या कापत होती. झाकण उघडताच तिनं बिजागरीपाशी बोट घातलं.

"सापडला! मास्तर, काय म्हणतोय बल्ब?"

"विझला!" मास्तर म्हणाले. "विदा, विझला आणि विझलेलाच आहे!"

आता लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आता त्या बरोबर होत्या. नंबरपाटीच्या दिव्याची वायर बिजागरीच्या कडेनं जात होती. इतकी वर्षं झाकण उन्हाळाभर उघडंच असायचं, थंडीत अलगद मिटलं जायचं. आज ते आपटून बंद झालं, वर चक्राच्या दोऱ्यांनी करकचून आवळलं गेलं, आणि पत्र्याच्या धारेनं जुनं, कडक झालेलं वायरचं आवरण चिरलं. गाडी हादरली तसं आतलं तांबं पत्र्याला टेकलं.

विदानं एवढंच सांगितलं की वायर झाकणात दाबली गेली. झाकण कुणी आपटलं, यावर ती एक शब्द बोलली नाही. ल्युबिंकाताई मात्र लाल झाल्या. त्या पुढे आल्या, फुलांचं चक्र उचललं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "बोला कुणाला काय बोलायचं ते. मी शोभेसाठी केलं."

"शोभताय," विदा म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटतं, नणंद-भावजय त्या तिथेच झाल्या.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. तुटू लागलेल्या तांब्याच्या तारा तिनं पीळ देऊन पक्क्या केल्या, त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. मग विचारात पडली. "धारेवर नुसती पट्टी टिकणार नाही. रबर हवं."

मास्तरांनी पुढच्या डिकीतून एक नळी आणली. आलुबुखाराची दारू पिंपातून बाटलीत काढायची ती नळी. विदानं तिचा वीतभर तुकडा कापला, उभा चिरला, वायरवर चढवला आणि पुन्हा पट्टी गुंडाळली. मास्तरांनी नळीच्या उरलेल्या भागाकडे जड मनानं पाहिलं आणि तो गुंडाळून परत डिकीत ठेवला. लग्नासाठी माणूस काय काय सोडतो!

टोपीतले बल्ब आपापल्या जागी गेले. इंडिकेटरचा बल्ब एक्रेमला परत मिळाला. आता पुडीत एकच फ्यूज उरला होता. विदानं तो हातात धरला आणि पहिल्यांदाच थोडी घाबरलेली दिसली. बँड गप्प झाला. झाकण दोनदा उघडून, दोनदा मिटून पाहिलं. मग तिनं फ्यूज बसवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही दाबा. मला बघवत नाही."

मास्तरांनी बटण दाबलं. टिक झालं नाही.

हवालदार मागे जाऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. "डावा आहे," तो म्हणाला. "उजवा आहे. नंबरपाटी वाचता येते." मग त्याला राहवलं नाही आणि तो ओरडला, "अहो, सगळं पेटलंय! निघा आता! बारा वीस झाले!"

त्यानं आपली गाडी पुढे घातली, वरचा निळा दिवा लावला आणि बोगद्यातून आमची वाट काढून दिली. बोगद्यात शिरलो तसे सगळ्यांनी हॉर्न वाजवले, एक्रेमनं ट्रम्पेट वर केलं, आणि आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून असा परत आला की माझ्या मांडीवरच्या पावाची उरलीसुरली फुलंही गळून पडली. विदा खिडकीबाहेर मान काढून मागे बघत होती. भिंतीवर भुंग्याच्या मागच्या दिव्यांचा लाल उजेड सरकत होता.

बारा बत्तीसला आम्ही नगरपालिकेच्या जिन्यावर होतो. नोंदणीवाली बाई पर्स खांद्याला लावून दारातच उभी होती. तिनं निळ्या दिव्याची गाडी पाहिली, गळ्यात फुलांचं चक्र घातलेल्या ल्युबिंकाताई पाहिल्या, नवरीची टोपी घातलेल्या मला पाहिलं, आणि पर्स खाली ठेवली.

"यातली नवरी कोण?" तिनं विचारलं.

"मी," विदा म्हणाली आणि हात पुढे केले. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

सही करताना तिच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा नोंदवहीच्या पानावर उमटला, अगदी तिच्या नावाशेजारी. विदा पुसायला गेली तर तो आणखी पसरला. बाई म्हणाली, "राहू द्या. सहीपेक्षा हाच जास्त पक्का दिसतोय." मास्तरांना सही करताना पेन सापडेना. ते त्यांच्या कानामागे होतं, आणि ते शोधेपर्यंत नवरा-नवरीला हसण्यानं बोलता येईना. "मान्य आहे का" हे बाईला तीनदा विचारावं लागलं.

जेवणाला हवालदारही आला, ड्यूटी संपवून, साध्या कपड्यांत, बायकोला घेऊन. त्याचं नाव राडिसाव. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस त्यानं तीनदा मागून घेतलं आणि मग विदाजवळ जाऊन हळूच विचारलं, "घरच्या गाडीचा एक पुढचा दिवा अधूनमधून मिचमिचतो. लग्नात विचारू नये, पण…"

"बुधवारी," विदा म्हणाली. "मंगळवारी हॉर्न आहे."

आता विदा मास्तरांच्या घरी राहते आणि गॅरेज त्यांच्या कोठारात हलवलंय. मास्तर टॉर्च धरतात, गिऱ्हाइकांना कॉफी करून देतात आणि वाट बघणाऱ्यांना नद्यांची नावं सांगतात. वायरला हात लावायची त्यांना परवानगी नाही. परवा मी गेले तर दोघंही कुणाच्या तरी गाडीखाली होते. चार पाय बाहेर, आणि आतून नुसतं हसू ऐकू येत होतं. मी हाक न मारता तशीच परत आले.